पद्मिनी मागून बसली? नवे पाटे घेण्याआधी टेप काढा

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी सेवेतून बाहेर पडली. तिची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. बातम्या आल्या, फोटो व्हायरल झाले, लोक हळहळले. पण पद्मिनी संपली नाही. कुणाच्या आजोबांची, कुणी हौसेने विकत घेतलेली, कुणी टॅक्सीतून सोडवून पुन्हा रंगवलेली अशा खासगी गाड्या पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, नाशकात अजून चालत्या आहेत.

या गाड्यांच्या मालकांची एक तक्रार मात्र जवळपास सारखी असते. गाडी मागून बसली आहे. डिकी खाली झुकलेली, नाक वर. चार माणसं बसली की खड्ड्यात मागून 'धाड' आवाज येतो.

गॅरेजमध्ये त्यावर तयार उत्तर असतं: "पाटे नरम झालेत. एक पाटा वाढवून टाकू." गाडी लगेच वर उचलली जाते, मालक खूश होतो. पुढच्या महिन्यात तोच मालक सांगतो की गाडी आता बैलगाडीसारखी आदळते, वळणावर मागचं चाक उड्या मारतं.

असं का होतं? पाटे खरंच नरम होतात का? आणि बदलायचेच असतील तर कोणते घ्यायचे?

पाटे नेमकं काय करतात?

हायवेलगत 'कमान पाटा वर्क्स' असे बोर्ड तुम्ही पाहिले असतील. ट्रक, एसटी, जीप यांच्या चाकांजवळ एकावर एक रचलेल्या वाकड्या लोखंडी पट्ट्या दिसतात, तेच हे पाटे. कल्पना घोडागाडीच्या काळातली आहे. इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियटने १८०४ मध्ये बग्गीसाठी लंबवर्तुळाकार स्प्रिंगचं पेटंट घेतलं. त्या लंबवर्तुळाचा खालचा अर्धा भाग ठेवला की मोटारीचा पाटा झाला. म्हणूनच जुन्या माहितीपुस्तिकांमध्ये 'सेमी-एलिप्टिक' असा शब्द दिसतो.

पद्मिनी ही मुळात इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून ती 'डिलाइट' म्हणून बनत होती आणि १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने. पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे अखंड अ‍ॅक्सलखाली पाटे, अशी तिची रचना. अँबेसेडरचंही मागे तेच, फक्त पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा.

सगळ्यात लांब पाट्याला मेन पाटा म्हणतात. त्याची दोन्ही टोकं गोल वळवून 'डोळे' केलेले असतात आणि त्यात रबरी बुश बसतात. पुढचा डोळा गाडीच्या अंगाला पक्का जोडलेला असतो. मागचा डोळा शॅकल नावाच्या झुलत्या कडीला लटकतो, कारण पाटा दबून सपाट झाला की त्याची लांबी थोडी वाढते आणि ती वाढ कुठेतरी सामावायला हवी. बाकीचे पाटे खाली उतरत्या लांबीने रचलेले असतात. मधून सेंटर बोल्ट जातो, त्याचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं आणि वरून यू-बोल्ट सगळं आवळून धरतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं बरंच काही तिच्यावर उभं आहे. कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते. चाक पुढे-मागे किंवा आडवं सरकू नये म्हणून तिथे वेगळे दांडे असतात. अशा जुन्या गाड्यांच्या मागच्या बाजूला हे काम मुख्यतः पाटेच करतात. इंजिनाची ताकद चाकाला मिळते आणि गाडी पुढे ढकलली जाते, तो धक्का मेन पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागातून आणि पुढच्या डोळ्यातून गाडीला पोहोचतो. ब्रेक मारला की उलटा ताणही तिथूनच जातो. म्हणजे मेन पाटा पुढच्या डोळ्याजवळ तुटला, तर त्या बाजूचा अ‍ॅक्सल मागे सरकतो आणि गाडी चालकाने न विचारता वळते. ऐंशीच्या वेगात हे घडलं तर काय होईल, ते सांगायला नको.

'पाटे नरम झाले' यात चूक काय?

पोलाद वापराने नरम होत नाही. कडकपणा, म्हणजे ठरावीक वजनाला पाटा किती मिलिमीटर दबतो ते, पाट्याची लांबी, रुंदी, जाडी, पाट्यांची संख्या आणि पोलादाचा ताठरपणा यांवर ठरतं. तीस वर्षं चाललेल्या पाट्याची लांबी बदललेली नसते, पोलादाचा ताठरपणाही बदललेला नसतो. जी बदलते ती कमान. लाखो वेळा दबून, जास्त ओझ्याने, खड्ड्यांनी पाटा कायमचा थोडा सरळ होतो. मराठीत आपण 'पाटे बसले' म्हणतो आणि तो शब्द अगदी नेमका आहे. पाटे बसतात, नरम होत नाहीत.

उदाहरणादाखल सोपे आकडे घेऊ. समजा पाच पाट्यांचा एक सेट आहे आणि तो अडीच किलोला एक मिलिमीटर दबतो. त्याच्यावर गाडीचं २५० किलो वजन येतं. म्हणजे तो १०० मिमी दबणार. नवा असताना त्याची मोकळी कमान १२० मिमी होती, तर गाडीखाली २० मिमी कमान शिल्लक राहायची. आता तो २० मिमी बसला, मोकळी कमान १०० झाली. गाडीखाली तो पूर्ण सपाट. गाडी २० मिमी खाली आली, पण तो अजूनही अडीच किलोलाच एक मिलिमीटर दबतो.

गॅरेजवाल्याने त्याच जाडीचा सहावा पाटा घातला. कडकपणा पाचावर एक, म्हणजे २० टक्के वाढला. आता एक मिलिमीटर दाबायला तीन किलो लागतात. २५० किलोला सेट ८३ मिमी दबतो, १७ मिमी कमान परत मिळते. उंची जवळपास पूर्वीसारखी! म्हणूनच हा उपाय इतका पटतो. पण गेली होती उंची आणि वाढवला तो कडकपणा. ताप आला म्हणून पंखा लावावा, तसंच हे. गार वाटतं, पण औषध वेगळं होतं.

आणि हे त्याच जाडीचा पाटा मिळाला तर. जाडीचा हिशोब याहून कडक आहे, कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. सहा मिलिमीटरच्या जागी सात मिलिमीटरचे पाटे आले की कडकपणा सुमारे ५९ टक्के वाढतो. डोळ्यांना हा एक मिलिमीटर दिसतही नाही. सहाच्या सेटमध्ये एकच सातचा पाटा घातला तर आणखी वेगळी भानगड होते. सगळे सारखे वाकतात, पण जाड पाट्याच्या पृष्ठभागावर ताण जास्त येतो. तुटायची वेळ आली की बहुधा तोच आधी तुटतो.

उलट दिशेनेही हेच लागू आहे. गंजून सहाचा पाटा साडेपाचचा राहिला असेल, तर त्याने सुमारे २३ टक्के कडकपणा घालवला आहे. किंवा सेटमधला एखादा पाटा तुटून नुसता अडकून राहिला असेल. 'पाटे नरम झाले' हे वाक्य फक्त या दोन प्रसंगी खरं असतं. अशा वेळी पाटा वाढवणं म्हणजे मोडक्या सेटवर पांघरूण घालणं.

आणखी एक गैरसमज दुकानात ऐकू येतो: "हे इंपोर्टेड स्टील आहे, जास्त कडक." पाट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सगळ्या पोलादांचा ताठरपणा जवळपास एकच असतो. चांगल्या पोलादाचा आणि चांगल्या पाण्याचा फायदा वेगळाच आहे. तो पाटा उशिरा बसतो आणि उशिरा तुटतो. पोलादाला 'पाणी देणं' हा लोहारांचा शब्द इथे अक्षरशः लागू पडतो. फक्त पाट्यांच्या बाबतीत ते 'पाणी' बहुधा तेलाचं असतं: पाटा लाल तापवायचा, तेलात विझवायचा, मग ठरलेल्या तापमानाला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा.

कडक पाट्यांनी नुकसान काय, असा प्रश्न साहजिक आहे. कडक म्हणजे मजबूतच ना? ट्रकसाठी हो, कारण त्याच्यावर कायम ओझं असतं. पद्मिनी बहुतेक वेळ एका-दोघांना घेऊन, रिकाम्या डिकीने चालते. एवढ्या वजनाला कडक पाटा दबतच नाही. मग खड्ड्याचा धक्का चाक न गिळता गाडीच्या अंगाला देतं. पद्मिनी आणि अँबेसेडर, दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासिस नाही, पत्र्याचं अंगच सगळा भार घेतं. पाटे जिथे जोडलेले असतात ती जागा पन्नास वर्षांच्या, कदाचित दोन-तीनदा वेल्डिंग झालेल्या पत्र्याची असते. ओबडधोबड वळणावर मागचं चाक रस्ता सोडतं आणि जुने शॉकअप कडक पाट्यांना आवरू शकत नाहीत.

दोष पाट्यांचाच आहे, हे आधी कसं ठरवायचं?

यासाठी महागडं काही लागत नाही. सपाट फरशी, टेप, खडू आणि अर्धा तास.

टायरमध्ये दोन्ही बाजूंना सारखी हवा भरा. डिकी रिकामी करा. स्टेपनी तिच्या जागी असू द्या. पेट्रोल किती आहे ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी तेवढंच हवं. गाडी थोडी पुढे-मागे चालवून थांबवा आणि मागची बाजू दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे बुशमध्ये अडकलेला पीळ मोकळा होईल. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर मोजा. चारही चाकं. लिहा.

जमिनीपासून मोजू नका. टायर झिजलेला असू शकतो, कुणीतरी वेगळ्या मापाचे रेडियल घातलेले असू शकतात. आणि मडगार्डवरही आंधळा विश्वास नको. जुन्या गाडीचं डेंटिंग इतक्या वेळा झालेलं असतं की डावी-उजवी कड एका उंचीवर असेलच असं नाही. म्हणून खाली वाकून दुसरं माप घ्या, अ‍ॅक्सल आणि त्याच्या वरच्या बंप रबरमधलं अंतर. हे माप जास्त प्रामाणिक असतं. ते दोन बोटांइतकंच उरलं असेल, तर खड्ड्यातल्या 'धाड' आवाजाचं कारण तिथेच आहे.

आता समजा गाडी मागून एका बाजूला कललेली आहे. लगेच त्या बाजूचा पाटा खोलू नका. पुढची स्प्रिंग बसली असेल तरी मागची बाजू कलते. टेबलाचा एक पाय आखूड असला की सगळंच टेबल डुगडुगतं, तसं. हे ओळखायची जुनी युक्ती आहे. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि पुढच्या क्रॉसमेंबरच्या बरोबर मध्यावर ट्रॉली जॅक लावून गाडीचं नाक जेमतेम उचला, दोन्ही पुढची चाकं जमीन सोडतील इतकंच. आता गाडी पुढे एकाच बिंदूवर टेकली आहे, त्यामुळे डावा-उजवा कल फक्त मागचे पाटे ठरवतात. मागून बघा. गाडी सरळ झाली, तर दोष पुढे होता. कल तसाच राहिला, तर दोष मागे आहे. या अवस्थेत कुणीही गाडीखाली जायचं नाही, हात घालायचा नाही. लांब उभं राहून फक्त बघायचं आणि नाक खाली ठेवायचं.

अँबेसेडरवाल्यांनी तर ही चाचणी चुकवूच नये. तिच्या पुढच्या टॉर्शन बारची उंची कमी-जास्त करता येते आणि ती एका बाजूला चुकीची लागली असेल, तर मागचे नवे पाटेही वाकडेच दिसतील.

शेवटचं माप म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. स्टिअरिंग सरळ ठेवा, चाकाच्या मध्यावरून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खूण करा आणि खुणांमधलं अंतर मोजा. पद्मिनीचा व्हीलबेस २,३४० मिमी आहे, पण इथे आकड्यापेक्षा दोन बाजूंमधला फरक महत्त्वाचा. काही मिलिमीटर चालतील. बोटभर फरक असेल तर अ‍ॅक्सल जागेवर नाही. बहुतेकदा यू-बोल्ट सैल होतात, सगळा धक्का एकट्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. मग अ‍ॅक्सल पाट्यावर घसरतो. मागून येणाऱ्याला अशी गाडी खेकड्यासारखी तिरकी चालताना दिसते. आतल्या माणसाला कळत नाही.

खाली उतरून काय बघायचं?

गाडी पिटवर किंवा भक्कम स्टँडवर असेल तरच खाली जा. तारेच्या ब्रशने पाटे घासा, कारण चिखल आणि ग्रीसच्या थराखाली भेग दिसत नाही. भेगा ठरावीक जागी पडतात. सेंटर बोल्टच्या भोकाजवळ, कारण भोकामुळे पाटा तिथे आधीच कमजोर असतो. डोळ्याच्या वळणाजवळ. आणि खालच्या पाट्याचं टोक वरच्या पाट्याला जिथे घासतं तिथे. वर्षानुवर्षं घासून खाच पडते आणि खाचेतून भेग निघते. पाट्यावर आडवी, तांबूस, केसासारखी रेष दिसली तर ती ओरखडा समजून सोडू नका. गंजाची बारीक भुकटी जिथून सतत बाहेर येते, तिथे लोखंड लोखंडाला घासतं आहे.

पाट्यांच्या मध्ये गंज फुगलेला असतो का तेही बघा. मुंबई आणि कोकणच्या हवेत हे हमखास दिसतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून पाटे एकमेकांपासून फाकतात, घसरायचं थांबतात आणि चू-चू आवाज करतात. यावर जुनं इंजिन ऑइल ओतायची पद्धत आहे. आवाज दोन आठवडे थांबतो, रबरी बुश मात्र तेलाने फुगून खराब होतात. ग्रीस लावायचंच असेल तर सेट सुटा करून, पाटे घासून, ग्रॅफाइटचं ग्रीस फक्त पाट्यांच्या मध्ये लावावं.

शॅकलकडे नजर टाका. गाडी चाकांवर उभी असताना त्याचा खालचा भाग साधारण सरळ किंवा थोडा मागे झुकलेला असावा. पुढे झुकलेला असेल तर बहुधा कमान गरजेपेक्षा जास्त आहे किंवा पाटा चुकीच्या लांबीचा आहे. उलट पाटे सपाट होऊन शॅकल मागे आडवा पडला असेल, तर पाट्याला लांब व्हायला जागा उरलेली नाही.

पुढच्या डोळ्याजवळच्या पत्र्याला स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. रंग आणि अंडरकोटच्या खाली पत्रा पापडासारखा झाला असेल, तर पाट्यांचा विचार नंतर. आधी ती जागा दुरुस्त करा. नवे, पूर्ण कमानीचे पाटे सडक्या पत्र्याला जोडले तर मेन पाटा अखंड राहील आणि पत्राच फाटेल, परिणाम तोच.

जुन्यालाच कमान द्यायची, की नवे घ्यायचे?

पाटे फक्त बसले असतील, भेग नसेल आणि जाडी शाबूत असेल, तर कमान देऊन घेता येते. पण कमान देण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांच्या किमतीत फरक का असतो ते समजून घ्या. पहिल्यात थंड पाटा ऐरणीवर किंवा प्रेसमध्ये ठोकून वाकवतात. काम तासाभरात होतं, पण ही कमान बऱ्याचदा टिकत नाही. दुसऱ्यात सेट सुटा करतात, प्रत्येक पाटा भट्टीत तापवून आकार देतात, तेलात विझवतात, पुन्हा ठरावीक तापमानाला ठेवतात. हे नीट झालं तर पाटा जवळपास नव्यासारखा होतो. कारागिराला एवढंच विचारा: "वाकवल्यावर पाणी देता का, आणि नंतर पुन्हा तापवता का?" उत्तर द्यायला तो अडखळला, तर काय ते कळेल.

तिसरी पद्धतही दिसते, गाडीवरच गॅसच्या नळीने पाटा लाल करून वाकवायची. हिला ठाम नकार द्या. जिथे ज्योत लागली तिथलं पाणी उतरलं, तो भाग आता साधं लोखंड आहे. पाट्याला वेल्डिंग करण्याबाबतही हेच. वेल्डिंगच्या शेजारची जागा काचेसारखी ठिसूळ होते. तुटलेला पाटा जोडला जात नाही, बदलला जातो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोर बाजारात, पुण्याच्या नाना पेठेत, कोलकात्याच्या मल्लिक बाजारात जुने सुटे भाग धुंडाळणारे बरेच आहेत. दाराचं हँडल, मीटर, बंपर यांसाठी ते ठीक. भंगारातल्या गाडीचे पाटे मात्र तुमच्या पाट्यांइतकेच म्हातारे असतात, आणि ते टॅक्सीत किती वर्षं, किती ओझ्याखाली चालले ते कुणी सांगू शकत नाही.

नवे घेताना नुसतं गाडीचं नाव पुरत नाही

"पद्मिनीचे पाटे द्या" असं सांगून पाटे आणले की लांबी बरोबर निघते आणि बाकी नशिबावर. एका नावाची गाडी दशकांनुदशकं बनत राहिली की तिच्यात बदल होत जातात. ब्रिटनच्या एमजीबीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या बंपरविषयक नियमांसाठी १९७४ नंतरच्या मॉडेलची उंची वाढवली गेली, त्यामुळे आधीच्या गाडीला नंतरचे पाटे लावले की ती मागून उभी राहिल्यासारखी दिसते.

म्हणून दुकानात जाताना मापं घेऊन जा. पुढच्या डोळ्याच्या मध्यापासून सेंटर बोल्टपर्यंत आणि तिथून मागच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत, ही दोन अंतरं वेगवेगळी लिहा. सेंटर बोल्ट मधोमध असेलच असं नाही. पाटा उलटा लागला तर अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकेल. रुंदी, पाट्यांची संख्या आणि प्रत्येक पाट्याची जाडी, तीही व्हर्निअरने, गंज नसलेल्या जागी. डोळ्याचा आतला व्यास आणि सेंटर बोल्टच्या डोक्याचा व्यास. मोकळी कमान मोजायला दोन डोळ्यांच्या मध्यांमध्ये दोरी ताणा आणि सेंटर बोल्टजवळ दोरीपासून मेन पाट्यापर्यंतचं अंतर घ्या. तुमच्या जुन्या पाट्यांची कमान अर्थातच गेलेली आहे, ती नव्यासाठी प्रमाण धरू नका. तो आकडा कारखान्याच्या मॅन्युअलमधून किंवा न बसलेल्या मूळ सेटवरून घ्यावा लागतो. डावा-उजवा सेट ओळखून ठेवा. काही गाड्यांमध्ये चालकाच्या बाजूची कमान मुद्दाम जास्त दिलेली असते.

त्याआधी मात्र जुन्या सेटमध्ये आधीच्या मालकाने पाटा वाढवला होता का, हे तपासा. एखादाच पाटा वेगळ्या जाडीचा, वेगळ्या टोकाचा, वेगळ्या रंगाचा दिसतो. टॅक्सीतून आलेल्या गाडीत ही शक्यता जास्त, आणि तिथे कारणही होतं. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा डिकीत पोलादी टाकी आली. अशी टाकी रिकामी असतानाही पन्नास किलोच्या आसपास भरते, आणि अ‍ॅक्सलच्याही मागे असल्यामुळे तिचा भार मागच्या पाट्यांवर जास्तच पडतो. आता ती टाकी काढली असेल, तर टाकीसाठी घातलेला पाटाही काढायला हवा. टाकी ठेवायची असेल तर कारागिराला तसं सांगून थोडी जास्त कमान मागा. कडकपणा वाढवायची गरज त्यामानाने कमीच पडते.

दुकानदाराकडे लोड टेस्टिंगची सोय असेल तर दोन्ही नवे सेट समोर दाबून घ्या. अमुक वजनाला किती दबला, हा आकडा दोन्हीचा जवळपास सारखा यायला हवा. सोय नसेल तर निदान दोन्ही सेट शेजारी ठेवून कमान आणि जाडी ताडून पाहा. पाटे नेहमी जोडीनेच बदलायचे. एका बाजूला नवा, एका बाजूला जुना म्हणजे पुन्हा कललेली गाडी.

गाडी पन्नास वर्षांची झाली असेल तर आणखी एक बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम आणले. त्यात पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेतला वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात हवं, चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल नकोत. सुरुवातीच्या पद्मिनी २०२४ पासून या वयाला पोहोचू लागल्या आहेत. पाटे काढून मागे कॉइल स्प्रिंग बसवायचा सल्ला कुणी दिला आणि त्यासाठी अंगाच्या पत्र्यात कापाकापी करावी लागणार असेल, तर आधी ही अट डोळ्यांसमोर आणा. शिवाय या मालिकेतली गाडी रोजच्या वापरासाठी नसते, प्रदर्शन-रॅलीपुरतीच असते. मग जादा ओझ्याचे पाटे कशासाठी?

बसवताना होणारी नेहमीची चूक

नवे पाटे, नवे बुश, नवे यू-बोल्ट. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका, ते एकदा ताणले गेलेले असतात. गाडी जॅकवर, मागची चाकं लटकलेली, मेकॅनिक डोळ्यातले बोल्ट दणकून आवळतो. काम झालं म्हणून गाडी खाली उतरवतो. इथे घोळ होतो.

चाकं लटकलेली असताना पाटा पूर्ण कमानीत असतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला की रबरी बुश तिथे पकडला जातो. गाडी खाली आली, पाटा सपाट झाला की बुश पिळला जातो आणि त्यानंतर कायम पिळलेलाच राहतो. गाडी दोन बोटं उंच उभी राहते, काही महिन्यांत रबर फाटतं आणि मालक म्हणतो, पाटेच चुकीचे आले. डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट आधी फक्त हाताने फिरवून ठेवायचे. गाडी चाकांवर उतरवायची, मागून दोन-तीनदा दाबायची आणि मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळायचे.

गाडी पूर्वीपेक्षा उंच झाली असेल तर ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, आणि चाक लटकल्यावर शॉकअप पूर्ण लांब होऊन अडकत नाही ना, हे बघून घ्या. तसा तो अडकत असेल तर खड्ड्यात चाक खाली जाताना अ‍ॅक्सलचं सगळं वजन त्या शॉकअपला लटकेल.

नवे पाटे पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडे बसतात. पहिल्याच दिवशी गाडी जरा उंच दिसली म्हणून पाटा काढायला धावू नका. पाचेकशे किलोमीटर चालवा, यू-बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा आणि आधीसारखीच हवा, तेवढंच पेट्रोल, रिकामी डिकी ठेवून चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं आणि बंप रबरपर्यंतचं माप पुन्हा घ्या. हा कागद गाडीच्या फाइलमध्ये आरसी बुकाशेजारी ठेवा. पुढच्या वेळी कुणी "पाटे नरम झालेत" म्हणालं, तर टेप लावून ताडून बघायला तो लागेल.